दोरीचं दुसरं टोक

आमच्या माडीवर राहणारा जर्मन साहेब रोज पहाटे हातात वीतभर दोरी घेऊन पळायला जातो. दोरीच्या एका टोकाला फास आहे, तो त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत असतो. दुसऱ्या टोकालाही तसाच फास आहे, आणि त्यात कोणी नसतं.

कुत्रं नाही, शेळी नाही, काही नाही. नुसता फास, लोंबकळत.

बरं, पळतो तर पळतो, निदान गप्प तरी पळावं. तेही नाही. त्या रिकाम्या फासाकडं तोंड करून बोलत पळतो, त्याच्या भाषेत. "लिंक्स... लॉख... लांगसाम, लांगसाम." हळू आवाजात, मायेनं. बाळंतिणीला जिना उतरवताना बायका बोलतात ना, अगदी तसं.

मी भित्रा नाही, हे आधीच लिहून ठेवतो. उमेदीत बैलगाड्यांच्या शर्यतीत घोडी काढलेला माणूस आहे मी. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगतो. घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढावर, चार बैल गाडा घेऊन उधळत वर येतात आणि त्यांच्या पुढं एक घोडी पळवावी लागते. घोडी पळते म्हणून बैल पळतात. घोडीवरचा माणूस पडला, तर बैल आणि गाडा त्याच्या अंगावरून जातात. मी कधी पडलो नाही. पण पहाटे आमच्या फाटकाची कडी वाजली, की मी अंथरुणात उठून बसतो आणि साहेब परत येईपर्यंत पाठ टेकत नाही.

कारण आमचा रस्ता. चाकणच्या चौकातून कंपन्यांकडं जाणारी ही पूर्वी साधी गाडीवाट होती. समोरून गाडी आली तर एकीनं शेतात उतरायचं, रामराम करायचा, परत वर यायचं. आता तिथून कंटेनर जातात. कंटेनर म्हणजे चाकं लावलेली शाळेची इमारत. तिचा ड्रायव्हर आदल्या दिवसापासून जागा, आणि तिच्या पुढून, मागून, बाजूनं मोटरसायकलींवर शिफ्टची पोरं, घड्याळाकडं बघत. त्या रस्त्यानं दिवसा दूध घालायला जातानाही मी आधी उभा राहून नवस बोलावा तसा दोन्ही बाजूंना बघतो. आणि हा त्यातून उजाडायच्या आत पळणार. साठी उलटलेला, उंच, सुकलेल्या तुरीच्या काठीसारखा माणूस.

त्याचं नाव रोल्फ. कंपनीत मशीन बसवायला आणि पोरांना शिकवायला आला. कंपनीनं निगडीला, प्राधिकरणात फ्लॅट दिला होता. लिफ्ट, गार हवा, खाली सलाम ठोकणारा वॉचमन. तिथं तो टिकला नाही. एका रविवारी आमच्या दारापुढून पळत चालला होता, पाणी प्यायला थांबला. तांब्या रिकामा केला, वरच्या मोकळ्या माडीकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "ही माझी, राव. विषय संपला."

मराठी तो कंपनीतल्या पोरांकडून शिकलेला. त्यामुळं त्याच्या मराठीत दोनच खांब आहेत, एक 'राव' आणि दुसरा 'विषय संपला', बाकी सगळं त्यांच्यावर टांगलेलं. मला 'तात्या राव' म्हणतो. आमच्या मंडळींना, हौसाला, 'काकू राव' म्हणतो. म्हशीला 'म्हैस राव' म्हणतो. राहायला आल्या आल्या त्यानं आपले पळायचे बूट धुऊन तुळशीच्या कट्ट्यावर वाळत घातले. हौसा अशी कडाडली, की खालच्या खोल्यांतली रात्रपाळीची पोरं उठून बाहेर आली. साहेबानं बूट उचलले, तुळशीपुढं उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "सॉरी, तुळस राव." त्या दिवसापासून हौसा त्याच्यावर मनापासून रागावू शकलेली नाही.

संध्याकाळी तो ओट्यावर येऊन बसतो. मी बिडी ओढतो, तो उकडलेले बटाटे सालासकट खातो. एकदा मी त्याला सरळच विचारलं, "पळून पळून आयुष्यात मिळवलंस काय?"

"काही नाय, राव," असं म्हणाला आणि खूश होऊन हसला.

मग थोडं थोडं करून कळलं ते असं. त्या देशाचे तेव्हा दोन तुकडे होते. त्यातल्या पूर्वेकडच्या तुकड्यात, बिटाच्या शेतांमधल्या एका खेड्यात हा जन्मला. तिकडं उसाऐवजी बिटाची साखर करतात म्हणे. मी ते पुष्कळ दिवस मानलं नव्हतं. आई लांबच्या गोठ्यावर दूध आणायला पाठवायची, आणि थंडी अशी, की चालत गेलं तर घरी येईतो दुधावर बर्फ धरायचा. म्हणून पळत जायचं. थोरला भाऊ येन्स पुढं, हा मागं. एक दिवस सरकारी माणसं आली, त्यांनी पोरांचे पाय, छाती, पाठ दाबून बघितली आणि याला खेळाच्या शाळेत नेऊन घातलं. चाकणच्या बाजारात बैल बघतात तशी बघितली का, असं मी विचारलं. म्हणाला, दात सोडून सगळं तसंच.

हा लांब पल्ल्याचा निघाला. मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या घालायच्या आणि दमायचं नाही, हे त्याला जमायचं. पण शेवटच्या फेरीत जो झपाटा लागतो तो त्याच्या पायांत नव्हता. मास्तरांनी ओळखलं. म्हणाले, तू पहिल्यापासून पुढं पळ, बाकीच्यांना वेग लावून दे, आणि शेवट जवळ आला की बाजूला हो. पुढं देशाचे तुकडे एक झाले, मोठाल्या शहरांत मॅरेथॉनी व्हायला लागल्या, तिथंही त्याला बोलावणं यायचं ते ह्याच कामाचं. अर्धी वाट हा सगळ्यांच्या पुढं, वारा छातीवर घेत. मागं नावाजलेले लोक, त्याच्या पाठीच्या आडोशानं. मग हा फुटपाथवर चढायचा, अंगावर चादर घ्यायचा, आणि जिंकणाऱ्याच्या टाळ्या बसमध्ये बसून ऐकायचा.

मी बिडी टाकून उभाच राहिलो. "अरं, म्हंजी तू घोडी!"

"घोडी?"

मी त्याला घाट सांगितला, बैल सांगितले, माझी चंद्रा घोडी सांगितली. तो बटाटा हातात धरून ऐकत राहिला.

"बक्षीस कोणाला, तात्या राव?"

"बैलांना. आन् गुलाल मालकाला."

"घोडीला?"

"पाटीभर हरभरं."

तो इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला केळं," म्हणाला. "प्रत्येक वेळी एक केळं. विषय संपला."

त्या दिवसापासून तो माझा भाडेकरू राहिला नाही. तो आमच्यातला झाला. आणि आमच्यातला झाल्यावर माझी पहाटेची झोप पार गेली.

त्यात केरबानं भर घातली. केरबा म्हणजे खालच्या खोलीतला बीडकडचा पोरगा. तिसरी पाळी करून पहाटे परत येतो. एका सकाळी तो आला तोच धापा टाकत, आणि माझ्या पायाशी बसला.

"तात्या, म्या ह्या डोळ्यानं बघितलं. वढ्याच्या मोरीपाशी सायेब थांबला. आंग चोरलं, आन् शेजारच्याला आधी जाऊ दिलं. मंग आपुन गेला."

"मग त्यात काय झालं?"

"शेजारी कुनीच नव्हतं, तात्या!"

आमच्या ओढ्यावरची मोरी अरुंद आहे. मागं एक मोटरसायकलवाला तिथं कंटेनरखाली गेला होता. त्याचं चप्पल पुष्कळ दिवस कठड्यापाशी तसंच पडून होतं, उचलायला कोणी धजेना. केरबाला दोन दिवस ताप भरला, आणि तो उतरायच्या आत सगळ्या आळीला कळलं, की साहेबाला मोरीवरच्यानं धरलंय आणि तो त्याला दोरीनं बांधून रोज फिरवून आणतो.

"अवं, मी काय म्हनते," हौसा दाराआडून म्हणाली, "त्येला निगडीलाच जाऊ द्या परत. चांगला मानूस हाय, पर त्येच्यासंगं काय येतंय कुनाला ठावं."

"भूतबीत काही नसतं," मी म्हणालो. आवाज मोठा लावला होता, कारण दिवेलागण झाली होती आणि मला मागं गोठ्याकडं जायचं होतं.

हौसानं माझं ऐकलं नाही. लिंबू आणि मिरच्या ओवाळून त्याच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून आली. आम्ही वाट बघत बसलो. संध्याकाळी साहेब खाली आला, तोंड लालबुंद, नाक गळतंय.

"काकू राव, थँक यू. लिंबू फार छान. मिरची डेंजर. सूपमध्ये टाकली."

हौसा होती तिथंच खाली बसली. उतरून टाकलेलं माणसानं खाल्लं, असं तिच्या आजवरच्या आयुष्यात झालं नव्हतं. आता काय होणार हे तिला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. पुढं दोन दिवस ती त्याच्या कपाळाकडं अशी बघायची, जशी तिथं शिंगं फुटायची आहेत.

मी ठरवलं, जाऊन बघायचं. या वयात भूत माझं काय वाकडं करणार?

पहाटे त्याच्या आधी निघालो आणि मोरीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. धुकं होतं. लांब एका कंपनीच्या गेटचा पिवळा दिवा, तेवढाच उजेड. खाली ओढ्यात पाणी नाही, कंपन्यांचा फेस. माझा डावा डोळा तेव्हा जरा धुरकट झाला होता, आणि उजवाही त्याच्याच वाटेवर होता. हौसा त्याला मोतीबिंदू म्हणायची, मी धूळ म्हणायचो. आमच्याकडं धूळ काय कमी आहे? तर त्या धुरकट डोळ्यानं मी अंधारात बघत उभा. बिडी पेटवली. थंडीसाठी.

आधी आवाज आला. टप, टप, टप. मग बोलणं. "लांगसाम... श्माल... लांगसाम." मोरीच्या तोंडाशी टपटप थांबली. काळी उंच आकृती अंग चोरून बाजूला झाली, रिकामा फास पुढं केला, कोणालातरी वाट दिली, आणि मागून आली. केरबा खोटं बोलला नव्हता.

मला पळायचं होतं. कठडा सोडून दोन पावलं टाकली, ती नेमकी रस्त्याच्या मध्ये. मी तिथंच खिळून उभा, आणि तो चालत माझ्यासमोर आला. हातभर अंतरावर. तोंड माझ्याकडं, डोळे उघडे, आणि नजर माझ्यातून आरपार.

मी हात हलवला. तो बघतच नव्हता.

खरं सांगतो, त्या क्षणाला मला वाटलं, भूत असेल तर मीच. रात्री झोपेत गेलो असेन आणि मला कोणी कळवलं नसेल.

मग त्यानं नाक वर केलं, वास घेतला. "बिडी," म्हणाला. "तात्या राव?" आणि हात पुढं करून त्यानं चाचपलं. त्याची गार बोटं माझ्या नाकावरून, मिशीवरून फिरली. तेवढ्यात मागून एक कंटेनर मोरीवर चढला, दिव्यांचा झोत आणि भोंगा एकदम. साहेबानं डोळ्यांवर हात घेतला आणि तसाच खुळ्यासारखा उभा राहिला. त्याला बाजू कळेना. मी त्याची बंडी धरून त्याला कठड्यावर दाबला. कंटेनर गेला तेव्हा माझं धोतर वाऱ्यानं त्याच्या पायांना गुंडाळलं होतं.

भूत गेलं ते तिथंच गेलं. त्याच्या जागी जी भीती आली, ती त्याच्यापेक्षा वाईट होती.

घरी आल्यावर मी माडीवर चढलो. "तुला अंधारात दिसत न्हाई. रातांधळा हायेस तू."

"पहाटे थोडं कमी, राव. दिवसा एकदम फर्स्ट क्लास."

"मग दिवसा पळ."

भिंतीवर एक फोटो होता, तो काढून त्यानं माझ्या हातात दिला. काळ्या चष्म्याचा एक माणूस, गळ्यात पदक, तोंड उघडं टाकून हसतोय. त्याच्या शेजारी फोटो कापलेला. कडेला फक्त एक हात शिल्लक, कोपरापर्यंत, आणि त्या हातात ही दोरी. दोरीचं दुसरं टोक त्या हसणाऱ्या माणसाच्या हातात.

"हा येन्स," तो म्हणाला. मग त्या कापलेल्या हातावर बोट ठेवलं. "आणि हा मी, राव."

दुधाच्या वाटेवर पुढं पळणारा तोच थोरला भाऊ. ऐन तिशीत त्याची नजर गेली, हळूहळू. तो घरात बसला आणि कुढायला लागला. तेव्हा रोल्फनं आपल्या शर्यती सोडल्या आणि दोरी धरली. आंधळ्या लोकांच्याही शर्यती असतात. शेजारी एक डोळस माणूस पळतो, दोघांच्या मध्ये दोरी, आणि डोळस माणसानं रस्ता सांगत राहायचा. डावीकडं खड्डा, पुढं अरुंद, सावकाश. लिंक्स, लॉख, श्माल, लांगसाम. येन्सनं पदकं मिळवली. हा शेजारी पळाला.

"नियम असतो, तात्या राव. दोरीवाला शेवटी पुढं गेला, तर दोघं बाद. येन्स आधी, मग मी."

"म्हंजी परत घोडीच की रं तू."

"नाय. घोडी पुढं असते, एकटी." त्यानं फोटो खिळ्याला लावला. एकदा हुकला, दुसऱ्यांदा लागला. "मी बाजूला होतो. बाजूला फार छान असतं."

लग्न का नाही केलंस, असं विचारलं. "पळत होतो," म्हणाला. येन्स जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यानंतरच तो इकडं आला.

मला सगळं कळलं. कळलं असं वाटलं. भाऊ गेला, पण त्याला सोबत पळवल्याशिवाय याचा दिवस उगवत नाही. मी खाली येऊन हौसाला सांगितलं. ती पदर डोळ्यांना लावून बसली. दुसऱ्या दिवसापासून लिंबू बंद झालं. जिन्याच्या पायरीवर ती दोन केळी ठेवायला लागली. एक त्याला, एक भावाला. तो दोन्ही खायचा.

पण रस्ता तोच होता. मी त्याला म्हणालो, जुन्या घाटात पळ, जत्रा सोडली तर तिथं चिटपाखरू नसतं. "घाट छोटा, राव. मला रस्ता पाहिजे." मी भांडलो, तो हसला. माझं डोकं फिरलं की मी ऐकत नाही, हे हौसाला माहीत आहे, त्याला नव्हतं. पुढच्या पहाटे फाटकापाशी मी आधीच उभा होतो. त्याच्या हातातल्या दोरीचं दुसरं टोक घेतलं आणि फासात बोटं घातली.

"तात्या राव, तिथं..."

"भावाला म्हनावं, आज इसावा घे."

मी रस्त्याच्या बाजूनं, तो शेताच्या बाजूनं. बैल रस्त्यानं न्यायचा तर माणसानं नेहमी गाड्यांच्या अंगाला राहायचं, ही आमच्याकडची रीत. मला काही पळता येत नाही. मी चालायचो, आणि तो माझ्या शेजारी बारीक पावलं टाकत जागच्या जागी उडाल्यासारखा पळायचा. लोकांना बघायला मौज वाटली असेल. मला वाटत नव्हती. प्रत्येक भोंग्याला मी दचकून दोरी ओढायचो. पण रस्ता मी सांगायचो, खणखणीत. "खड्डा! खडी! शेण!"

असे काही दिवस गेले. मग एकदा धुकं फार पडलं. मोरी ओलांडली, वळण घेतलं, आणि मी म्हणालो, "आता सरळ हाय, मोकळं हाय, चल." दोन पावलं पुढं गेलो असू. साहेब एकदम थांबला. दोरी ताणली गेली.

"तात्या राव, समोर काय आहे?"

"काय न्हाई. अंधार."

"पुढून येणारा आवाज बंद झाला. समोर भिंत आहे."

"रस्त्यात कशी भिंत असंल, येड्या?" असं म्हणून मी हात पुढं केला, आणि हाताला गार, ओलं लोखंड लागलं. उभा कंटेनर. मागं दिवा नाही, काही नाही. माझ्या डोळ्यापुढं अंधार होता तो अंधार नव्हताच, तो कंटेनर होता.

मी हात मागं घेतो न घेतो, तोच त्या लोखंडातून थरथर आली. इंजिन सुरू झालं. आणि ती गाडी मागं घेतानाची पिपाणी वाजायला लागली.

ड्रायव्हरला मागचं दिसत नव्हतं. साहेबाला अंधारातलं दिसत नव्हतं. मला काय दिसत होतं ते आत्ताच सांगितलं. तिघं होतो तिथं, आणि तिघांत मिळून एक धड डोळा नव्हता. ते धूड माझ्या छातीला टेकलं. घोडी फिरवायची सवय असलेला मी, जागेवरून हललो नाही. मग हाताला असा हिसका बसला, की खांदा निखळला असं वाटलं, आणि आम्ही दोघं दोरीसकट कडेच्या चारीत जाऊन पडलो. चाकं आमच्या डोक्यावरच्या मातीवरून मागं गेली, थांबली, आणि पुढं निघून गेली. ड्रायव्हरला अजूनही काही माहीत नसेल.

चारीत चिखल होता. दोघं तसेच पडून राहिलो. तोंडातला चिखल थुंकून तो म्हणाला, "तात्या राव, तुला दिसत नाय."

"दिसतं की."

"कंटेनर दिसला नाय."

"धूळ गेलीय डोळ्यात."

"तात्या राव!"

मग मी भडकलो. भ्यालेल्या माणसाला दुसरं काय येतं? "तू मरायला निघालायस, आन् कुनासाठी? भाऊ गेला तुझा! गेलेल्याला खड्डा लागत न्हाई, कंटेनर लागत न्हाई. त्येला रस्ता सांगून काय उपेग?"

उजाडायला लागलं होतं. चिखलातली दोरी त्यानं चाचपून शोधली आणि बोटांनी निपटत बसला.

"येन्सला नाय सांगत, राव."

"मग कुनाला?"

"मला."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं, आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधून. येन्सचा आजार घराण्यातला. आधी रात्र जाते, मग संध्याकाळ जाते, मग दुपार. याला उशिरा लागला एवढंच. डॉक्टरांनी तिकडंच सांगून टाकलं होतं, औषध नाही. अर्धं आयुष्य यानं भावाला रस्ता सांगितला. सांगायचं कसं ते त्याला येतं. ऐकून पळायचं कसं, ते येत नाही. म्हणून अंधारात जायचं. या टोकानं सांगायचं, आणि त्या टोकानं ऐकायचं.

"त्या टोकाला मीच असतो, राव. नंतरचा मी." त्यानं दोरीचा रिकामा फास ओढून सरळ केला. "येन्सला मी होतो. नंतर मला कोण सांगणार? म्हणून आत्ताच शिकतो. विषय..."

'संपला' न म्हणताच तो चारीतून उठायला लागला.

म्हणजे मोरीपाशी थांबून, अंग चोरून, तो ज्याला आधी वाट द्यायचा, तो तोच होता. आम्ही त्याला लिंबू ओवाळलं होतं.

घरी आलो, अंगावर चिखल तसाच. हौसा भाकरी थापत होती. मी म्हणालो, "डोळ्याच्या डाक्टरकडं कधी जायचं?" तिचा हात परातीत तसाच राहिला. दोन वर्षं ती माझ्या मागं लागली होती आणि मी धूळ म्हणत होतो. खरं कारण आता लिहायला हरकत नाही. कोणी माझ्या उघड्या डोळ्याला सुरी लावणार, या विचारानं मला झोप लागायची नाही. त्या टेबलावरही मी भ्यालो. वरच्या दिव्याकडं बघ म्हणाले तेव्हा मी देवाचं नाव घ्यायचं सोडून चंद्रा घोडीचं नाव घेत होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चंद्रा कोण? बाहेर बसलेल्या हौसाला ते ऐकू गेलं नाही, ही देवाची कृपा.

पट्टी निघाली त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसलो. सगळं धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. तुळस किती हिरवी! हौसाचे केस इतके पांढरे कधी झाले? साहेब आला, समोर बसला, माझ्याकडं बघून म्हणाला, "काय, तात्या राव, कसं दिसतं?"

मी त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. निळे डोळे, हसरे. आणि ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. माझ्या कानाच्या थोडं पलीकडं, भिंतीवर बघत होते. अजून ऊन होतं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. "इषय संपला."

आता पहाटे आम्ही दोघं जातो. केळी तीन असतात, तिसरं माझं. मी गाड्यांच्या अंगाला, तो शेताच्या अंगाला, मध्ये दोरी. त्याचे शब्द मी शिकून घेतलेत. लिंक्स म्हणजे डावीकडं, लॉख म्हणजे खड्डा, आणि आमच्या रस्त्याला तेवढे दोन पुरतात. मोरीपाशी मी त्याला आधी जाऊ देतो. कंटेनरची भीती माझी गेलेली नाही, उलट आता लांबूनच स्वच्छ दिसतो म्हणून वाढलीय. पण भ्यायचं काम मी माझ्याकडं घेतलंय, दोघांचंही.

तो आता बोलत नाही. नुसता पळतो.